कस्टम पॅनेलमधले चाइल्ड कापले जातायत, एकमेकांवर चढतायत किंवा ताणलेच जात नाहीत? या क्रमाने तपासा

डब्ल्यूपीएफमध्ये, म्हणजे विंडोज ॲपच्या स्क्रीन बनवायच्या मायक्रोसॉफ्टच्या फ्रेमवर्कमध्ये, स्वतःचं पॅनेल (आतले घटक, म्हणजे चाइल्ड, स्क्रीनवर मांडणारा डबा) लिहिलं की पहिले दोन दिवस मजेत जातात आणि तिसऱ्या दिवशी कुणीतरी व्हॉट्सॲपवर स्क्रीनचा फोटो टाकतं, हे बघ अर्धंच दिसतंय. हा बिघाड मी इतक्या वेळा सोडवलाय की आता फोटो बघूनच अंदाज येतो कुठे हात घालायचा, पण तरीही प्रत्येक वेळी खालच्याच क्रमाने जातो, कारण क्रम सोडला की दोन मिनिटांचं काम दोन दिवसांवर जातं.

उदाहरण एकच घेतो आणि शेवटपर्यंत तेच वापरतो. गिरगावातल्या एका खानावळीसाठी ऑर्डरचा डिस्प्ले केला होता, काउंटरवर एक मॉनिटर आणि आत स्वयंपाकघरात भिंतीवर टीव्ही, दोन्हीकडे तेच ॲप. प्रत्येक ऑर्डरची एक टाइल, आणि टाइल्स चार कॉलममध्ये मांडणारं पॅनेल मी स्वतः लिहिलेलं. काउंटरवर सगळं छान. आतल्या टीव्हीवर मात्र "साबुदाणा वडा दोन प्लेट, एकात दही नको" यातलं शेवटचं "दही नको" गायब. आतल्या मावशींनी दोन्ही प्लेटमध्ये दही दिलं, त्यांचा काय दोष, त्यांना जे दिसलं ते त्यांनी केलं. गिऱ्हाईक बोललं ते त्यांना. म्हणून हा विषय मला नुसता दिसण्याचा वाटत नाही, चाइल्डची साइझ चुकली की मजकूर जातो आणि मजकूर गेला की त्याचा त्रास भलत्याच माणसाला होतो.

आधी लक्षणं बघा

तुमचं यातलं कुठलं आहे ते नीट ओळखा, कारण दिसायला सारखी वाटली तरी कारणं वेगळी आहेत.

- चाइल्ड उजवीकडून किंवा खालून कापलं जातंय.
- चाइल्ड शेजाऱ्यावर चढतंय किंवा पॅनेलच्या बाहेर सांडतंय.
- जागा मोठी दिलीय पण चाइल्ड मधेच छोटंसं बसलंय, ताणत नाहीये.
- रॅप लावूनही मजकूर एकाच लांबलचक ओळीत.
- पॅनेल कोरं, काहीच दिसत नाही.
- ॲप पडतं आणि मेसेजमध्ये पॉझिटिव्ह इन्फिनिटी असं काहीतरी असतं.
- सुरुवातीला बरोबर, डेटा बदलला की चुकतं, आणि विंडो थोडी ओढली की परत बरोबर.
- विंडो गोठते, पंखा जोरात फिरायला लागतो.
- साइझ बरोबर आहे पण कडा धुरकट.

पहिलं काम: रंग लावा

फुकट आहे आणि दोन मिनिटं लागतात. पॅनेलला फिकट पिवळी बॅकग्राउंड द्या, चाइल्डला गुलाबी, चाइल्डच्या आतल्या टेक्स्टला निळी. मग बघा कुठला रंग कुठे संपतो. गुलाबी रंग सगळीकडे पोचलाय आणि निळाच आखडलाय तर तुमचं पॅनेल निर्दोष आहे, भानगड चाइल्डच्या आत. गुलाबीच कापला जातोय तर पॅनेलनं जागा कमी दिली. पिवळाच पूर्ण नाही तर पॅनेललाच बाहेरून जागा मिळालेली नाही. हे इतकं साधं आहे म्हणून लोक करत नाहीत आणि थेट कोडमध्ये शिरतात, मग जिथे चूकच नाही तिथलं चांगलं कोड बदलून बसतात. चालू ॲपमधले घटक आणि त्यांच्या साइझ दाखवणारी टूल्स, म्हणजे व्हिज्युअल स्टुडिओचं लाइव्ह व्हिज्युअल ट्री किंवा स्नूप, वापरत असाल तर उत्तमच, पण रंग तरीही लावा, डोळ्याला पटकन कळतं.

दुसरं: चाइल्ड स्वतः काय हट्ट धरून बसलंय

चाइल्डवर विड्थ, हाइट, मिनविड्थ, मॅक्सविड्थ यातलं काही लिहिलंय का बघा, झॅमलमध्ये (स्क्रीनची मांडणी जिथे लिहितो ती फाइल) आणि स्टाइलमध्येही. स्टाइल विसरली जाते, प्रोजेक्टच्या कुठल्यातरी रिसोर्स फाइलमध्ये बटणाला मिनविड्थ १२० लिहून ठेवलेली असते आणि आपण पॅनेलला शिव्या देत असतो. हे तपासायचं कारण असं की पॅनेल फक्त जागा देतं, चाइल्डच्या स्वतःच्या या प्रॉपर्टीज त्याच्यावर मात करतात, आणि आपापसात भांडल्या तर मिनविड्थ सगळ्यात वरचढ, मग मॅक्सविड्थ, मग विड्थ.

ताणत नसेल तर अलाइनमेंट बघा. स्ट्रेच असेल तरच चाइल्ड जागा भरतं, लेफ्ट किंवा सेंटर असेल तर स्वतःला हवं तेवढंच घेतं. आणि स्ट्रेच ठेवून विड्थही लिहिली असेल तर ते सेंटर असल्यासारखं मधोमध बसतं. लिस्टबॉक्समधल्या आयटमला वेगळी गंमत आहे, तिथे आयटम पूर्ण रुंद असतो पण आतला मजकूर डावीकडे आखडलेला, कारण हॉरिझॉन्टल कंटेंट अलाइनमेंट मुळातच लेफ्ट असते. ती लिस्टबॉक्सवर स्ट्रेच करा, काम झालं.

मजकूर रॅप होत नसेल तर टेक्स्टरॅपिंग लावलंय का ते आधी बघा, ते आपोआप नसतं.

आपल्या मराठीवाल्यांसाठी एक खास गोष्ट. इंग्रजी लेबलं बघून हाइट २० वगैरे ठोकून ठेवलेली असते, आणि देवनागरी आली की विंडोज मंगल किंवा निर्मला यूआय फॉन्ट घेतं ज्यांना वर वेलांटी आणि खाली उकारासाठी जास्त उंची लागते. त्या डिस्प्लेवर "पुरी"चा उकार कापला जाऊन "परी" दिसत होतं. उंची आकड्यात लिहूच नका, ऑटो ठेवा, फारच लागलं तर मिनहाइट द्या.

तिसरं: पॅनेलच्या बाहेर कोण बसलंय

तुमचं पॅनेल स्टॅकपॅनेलमध्ये आहे का? स्क्रोलव्ह्यूअरमध्ये? ग्रिडच्या ऑटो रोमध्ये? मग त्या दिशेने पॅनेलला मिळणारी जागा इन्फिनिटी आहे, म्हणजे बाहेरचा सांगतोय की तुला हवं तेवढं घे. आता आडव्या दिशेने अमर्याद जागा मिळाल्यावर टेक्स्ट रॅप का करेल? तो एकाच ओळीत पसरणार. आणि इन्फिनिटीला चारने भागलं तरी इन्फिनिटीच येते, त्यामुळे कॉलमचा हिशोबही कोसळतो.

लिस्टबॉक्सच्या आत स्क्रोलव्ह्यूअर दडलेला असतो आणि त्याचा आडवा स्क्रोल ऑटोवर असतो, म्हणजे आडव्या दिशेने इन्फिनिटी. आडवा स्क्रोलबार डिसेबल्ड करा. हिडन नको, हिडन केलं तर बार दिसत नाही पण इन्फिनिटी तशीच राहते. बहुतेक वेळा "रॅप होत नाही" ही तक्रार इथेच संपते आणि तुमच्या पॅनेलच्या कोडला हातही लावावा लागत नाही, म्हणून हे कोडच्या आधी.

चौथं: मेजरओव्हरराइड, खरा आजार बहुतेक इथेच

इथे जरा थांबून समजून घ्या. २००६ साली डॉटनेट ३.० बरोबर डब्ल्यूपीएफ आलं तेव्हापासून लेआउट दोन फेऱ्यांत चालतो, आणि हाच करार पुढे विनयूआय आणि ॲव्हेलोनिया या तशाच फ्रेमवर्कमध्येही आहे. पहिली फेरी मेजरची, ती तुम्ही मेजरओव्हरराइड या फंक्शनमध्ये लिहिता, पॅनेल प्रत्येक चाइल्डला विचारतं, एवढी जागा आहे, तुला किती लागेल? चाइल्ड उत्तर देतं ते डिझायर्ड साइझ. दुसरी फेरी अरेंजची, ती अरेंजओव्हरराइडमध्ये, पॅनेल सांगतं, ही तुझी जागा, बस इथे.

माझ्या पॅनेलमध्ये मेजर करताना मी चाइल्डला इन्फिनिटी दिली होती, का तर बघूया त्याला मुळात किती हवंय. टेक्स्टनं सांगितलं ४१०. मग अरेंजमध्ये पॅनेलची रुंदी चार कॉलममध्ये वाटली. काउंटरवरचा मॉनिटर १९२० रुंद, मधल्या तीन फटी १० च्या, म्हणजे १८९० भागिले ४, टाइलला ४७२.५. ४१० आरामात बसले. आतला टीव्हीही १९२० बाय १०८० च, पण लांबून दिसावं म्हणून विंडोजचं स्केलिंग १५० टक्के, म्हणजे डब्ल्यूपीएफच्या युनिटमध्ये (पिक्सेलला स्केलिंगने भागून येणारं माप) तो १२८० बाय ७२०. तिथे टाइलला मिळाले ३१२.५. ४१० मागणाऱ्याला ३१२.५.

आणि इथे डब्ल्यूपीएफ जे करतं ते ठाऊक नसेल तर माणूस चक्रावतो. अरेंजमध्ये कमी जागा दिली की चाइल्ड आक्रसत नाही, परत रॅपही करत नाही. ते मेजरमध्ये ठरलेल्या ४१० मध्येच मांडलं जातं आणि ३१२.५ च्या पुढचं कापून टाकलं जातं. लोकलमधल्या तीन जणांच्या सीटवर चौथा बसतो तेव्हा बाकीचे तिघं अंग चोरून सरकतात, इथे कुणी अंग चोरत नाही, चौथ्याचा बाहेर आलेला भाग सरळ उडवला जातो. तो उडालेला भाग म्हणजे "दही नको".

दुरुस्ती एका ओळीची. अरेंजमध्ये जेवढी रुंदी देणार तेवढीच मेजरमध्ये द्या. कॉलमची रुंदी काढणारं एक छोटं फंक्शन लिहा आणि दोन्ही फेऱ्यांत तेच वापरा, दोन ठिकाणी दोन वेगळे हिशोब ठेवू नका, आज सारखे असले तरी सहा महिन्यांनी कुणीतरी एकच बदलतो. मी रुंदी ३१२.५ दिली, उंची मुद्दाम इन्फिनिटी ठेवली, मग टेक्स्ट दोन ओळींत आला, त्याने जास्त उंची मागितली, आणि त्या रांगेतल्या सगळ्यात उंच टाइलची उंची मी पूर्ण रांगेला दिली.

मेजरओव्हरराइडमध्येच अजून चार गोष्टी बघून घ्या.

प्रत्येक चाइल्डला मेजर केलंय का? इफच्या अटीत एखादं सुटतं. मेजर न केलेल्याची डिझायर्ड साइझ शून्य असते, तुमचा हिशोब त्या शून्यावर होतो आणि पॅनेल कोरं दिसतं. चाइल्डची यादी इंटर्नलचिल्ड्रनमधून घ्या, पॅनेल आयटम्सकंट्रोलच्या (डेटाच्या यादीवरून आपोआप चाइल्ड बनवणारा कंट्रोल) आत बसणार असेल तर ते महत्त्वाचं आहे.

मिळालेली जागा इन्फिनिटी आहे का हे आधी तपासा आणि तशी असेल तर स्वतःचा काहीतरी शहाणा आकडा धरा, समजा प्रत्येक टाइल किमान २३०. आलेली इन्फिनिटी तशीच परत पाठवली की ॲप तिथेच पडतं, ते वरचं पॉझिटिव्ह इन्फिनिटीचं लक्षण हेच.

डिझायर्ड साइझमध्ये मार्जिन आधीच धरलेलं असतं. तुम्ही परत मिळवू नका. फटी दुप्पट दिसत असतील तर कारण हे.

आणि डिझायर्ड साइझ कधीच तुम्ही दिलेल्या जागेपेक्षा मोठी येत नाही. १०० देऊन विचारलं आणि उत्तर १०० आलं तर याचा अर्थ त्याला १०० पुरले असा होत नाही, त्याला ३०० ही हवे असतील. यावर "बसलं की नाही" ठरवणारं कोड मी बघितलंय, ते नेहमी "बसलं"च म्हणतं.

पाचवं: अरेंजओव्हरराइड

मेजर बरोबर असेल तर इथे फार उरत नाही. चाइल्ड एकमेकांवर चढत असतील तर रेक्टचे (चाइल्डला दिलेल्या जागेचा चौकोन) एक्स आणि वाय कागदावर मांडून बघा, बहुतेक वेळा फट एका ठिकाणी धरलीय आणि दुसऱ्या ठिकाणी राहिलीय. पॅनेलबाहेर सांडत असेल तर मेजरमधून परत दिलेली एकूण उंची आणि अरेंजमध्ये प्रत्यक्ष वापरलेली उंची जुळवा. क्लिपटूबाउंड्स लावून सांडलेलं लपवता येतं, पण मग तेच झालं, मजकूर गेला आणि आपल्याला कळलंही नाही. विंडो खूप लहान केल्यावर ॲप पडत असेल तर रुंदीतून फटी वजा करताना आकडा उणे होतोय, उणे रुंदीचा रेक्ट चालत नाही, शून्याच्या खाली जाऊ देऊ नका. आणि शेवटी फायनल साइझ, म्हणजे अरेंजओव्हरराइडला मिळालेली साइझ, परत करा.

सहावं: डेटा बदलल्यावरच चुकतंय?

विंडो ओढली की बरोबर होतं म्हणजे हिशोब बरोबर आहे, तो परत करायला कुणी सांगितलंच नाही. पॅनेलच्या स्वतःच्या प्रॉपर्टीला, समजा कॉलमची संख्या, अफेक्ट्समेजर फ्लॅग हवा, म्हणजे ती बदलली की मेजर परत चालतं. चाइल्डवर लावायच्या अटॅच्ड प्रॉपर्टीला, समजा ही टाइल दोन कॉलम व्यापेल, अफेक्ट्सपेरेंटमेजर हवा, कारण बदल चाइल्डवर झाला तरी हिशोब पॅरेंटला परत करायचाय. माझ्याकडे आलेल्यांमध्ये हा दुसराच फ्लॅग राहिलेला असतो.

अटॅच्ड प्रॉपर्टीचा काहीच परिणाम होत नसेल तर ती कुठे लावलीय बघा. आयटम्सकंट्रोलमध्ये तुम्ही ती डेटाटेम्प्लेटच्या आतल्या बॉर्डरवर लावता, पण पॅनेलचं खरं चाइल्ड बॉर्डर नसून तिच्या बाहेरचा कंटेंटप्रेझेंटर असतो. प्रॉपर्टी आयटमकंटेनरस्टाइलमधून लावा. यात माझा एकदा अख्खा शनिवार गेलाय, म्हणून ठळक सांगतोय.

सातवं: धुरकट कडा

३१२.५ युनिट म्हणजे १५० टक्क्यांवर ४६८.७५ पिक्सेल. पाऊण पिक्सेल रंगवता येत नाही म्हणून कड पसरते. विंडोवर यूजलेआउटराउंडिंग ट्रू करा, डॉटनेट ४ पासून आहे, डब्ल्यूपीएफमध्ये ते मुळात बंद असतं. पॅनेलमध्ये स्वतः राउंड करत बसू नका, स्क्रीन बदलली की तो हिशोब फसतो. मोठं करायला रेंडरट्रान्सफॉर्म वापरला असेल तर तो लेआउटला कळतच नाही, मेजर अरेंज सगळं आधीच्या साइझवर झालेलं असतं आणि नंतर चित्र फुगवलं जातं, शेजाऱ्यावर चढणारच. लेआउटट्रान्सफॉर्म वापरा.

आठवं: विंडो गोठतेय

हे महागडं, वेळ खातं. साइझचेंज्ड किंवा लेआउटअपडेटेड इव्हेंटमध्ये कुणी विड्थ सेट करतंय का शोधा. लेआउट झाला की इव्हेंट येतो, इव्हेंटमध्ये साइझ बदलली की परत लेआउट, चक्र थांबतच नाही. ॲक्च्युअलविड्थला (लेआउट झाल्यावरची खरी रुंदी) बाइंड करून चाइल्डची विड्थ ठरवणंही त्याच जातीचं. चाइल्डची साइझ ठरवायची जागा मेजर आणि अरेंज, तिसरी नको. असे इव्हेंट आधीच्या कुणीतरी घाईत बसवलेले असतात, ते एकेक बंद करत जा आणि प्रत्येक वेळी चालवून बघा. सगळे एकदम काढलेत तर नेमकं कारण कळणार नाही.

कुठे थांबायचं

इथपर्यंत सगळं करून प्रश्न राहिला तर खालच्या परिस्थितीत स्वतः खोदत बसू नका, ज्याने हे काम आधी केलंय त्याला बोलवा.

पॅनेलला व्हर्च्युअलायझेशन हवंय, म्हणजे हजारो आयटम आहेत आणि दिसतात तेवढेच बनवायचेत. त्यात आयस्क्रोलइन्फो (स्क्रोलचा हिशोब) आणि आयटम जनरेटर (आयटम बनवणारा भाग) दोन्ही सांभाळावे लागतात, वरवर चालतं आणि वेगाने स्क्रोल केलं की आयटम गायब होतात. ज्याने असं पॅनेल आधी लिहिलंय त्यालाच द्या. साइझ बिघडवणारा कंट्रोल विकत घेतलेला आहे आणि त्याचं सोर्स तुमच्याकडे नाही, मग त्यांच्या सपोर्टला लिहा, त्याच्या टेम्प्लेटमध्ये आंधळेपणाने बदल केलेत तर पुढच्या अपडेटला परत मोडेल. एकाच मशीनवर चुकतंय आणि बाकी दहा ठिकाणी तेच बिल्ड नीट चालतंय, तर ते ड्रायव्हर, फॉन्ट किंवा स्केलिंगचं असू शकतं, हार्डवेअर बघणाऱ्याला घ्या, कोड बदलू नका. आणि स्क्रीनवर औषधाचा डोस, पैशांची रक्कम असं काही असेल, तर तात्पुरती ठिगळं लावून तसंच चालू ठेवू नका, जुनं चालणारं व्हर्जन परत टाका आणि मग माणूस बोलवा.

बोलवण्याआधी एवढं करून ठेवा म्हणजे त्याचा वेळ आणि तुमचे पैसे वाचतील. चुकणाऱ्या एका चाइल्डचे तीन आकडे लिहून काढा, मेजरमध्ये त्याला दिलेली जागा, त्याने सांगितलेली डिझायर्ड साइझ, आणि अरेंजमध्ये दिलेला रेक्ट. सोबत स्क्रीनचं रिझोल्यूशन, स्केलिंगचे टक्के आणि रंग लावलेला एक फोटो. माझ्याकडे त्या दिवशी हेच होतं, इन्फिनिटी, ४१०, ३१२.५, आणि मावशींनी टीव्हीसमोर उभं राहून फोनवर काढलेला फोटो, जरा हललेला, पण त्यात "एकात" नंतर टाइल संपलेली स्पष्ट दिसत होती.